बचावफळीतील माणूस : प्रशिक्षक डेरिक परेरा

सोयाबीनच्या हंगामात रिसोडच्या बाजार समितीसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, तेव्हा त्यातील कित्येक ट्रॅक्टरांवर ‘महिंद्रा’ हे नाव वाचावयास मिळते. मेहकर, मालेगाव, सेनगाव या बाजूंना जाणाऱ्या रस्त्यांवर एकेकाळी याच कंपनीच्या जीपगाड्या प्रवाशांनी खचाखच भरून धावत असत. या कंपनीचा स्वतःचा एक फुटबॉल संघ होता, त्याच्या खेळाडूंना मुंबईतील क्रीडारसिक ‘जीपमेन’ म्हणत, आणि २००६ साली हा संघ संपूर्ण देशाचा विजेता ठरला होता, ही गोष्ट मात्र आपल्या भागात फार थोड्यांच्या कानावर आली असेल. आपल्याकडे कबड्डी आहे, क्रिकेट तर आहेच. फुटबॉल शाळेच्या मैदानापलीकडे फारसा गेला नाही. ज्या प्रशिक्षकाने तो विजय घडवून आणला, त्याचे नाव डेरिक परेरा. ते मूळचे गोव्याचे, आणि खेळाडू म्हणून बचावफळीतले.

व्यापारी कुटुंबांना या माणसाच्या कारकिर्दीत ओळखीचे काहीतरी सापडेल. ज्या पेढीवर मुनीम निष्ठेने काम करतो, ती पेढी भरभराटीत असतानाच मालक ती बंद करण्याचे ठरवतो, असे प्रसंग बाजाराला नवे नाहीत. परेरा यांच्या वाट्याला महाराष्ट्रातील दोन मोठे क्लब आले. दोन्हींना त्यांनी वर नेले. आज ते दोन्ही क्लब अस्तित्वात नाहीत.

परेरा यांचा जन्म १९६२ चा. पोर्तुगीज सत्ता जाऊन जेमतेम काही महिने झाले होते. त्या काळातील गोव्यात खनिज लोखंडाचा व्यापार मोठा होता. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतून काढलेली माती बार्जांतून मुरगाव बंदराकडे जाई आणि तेथून जहाजांनी जपानपर्यंत पोहोचे. या व्यापारातून उभी राहिलेली साळगावकर, धेंपे यांसारखी घराणी मुख्यतः हिंदू व्यापारी परंपरेतील. गावोगावच्या चर्चच्या पटांगणांत फुटबॉल खेळणारी मुले बहुतांशी ख्रिस्ती. या दोघांची गाठ फुटबॉलच्या मैदानावर पडली. साळगावकर क्लबची स्थापना १९५६ सालची. कामगारांच्या विरंगुळ्यासाठी आणि घराण्याच्या नावासाठी काढलेला हा क्लब पुढे देशातील अग्रगण्य संघांत गणला गेला. देऊळ, धर्मशाळा, पाठशाळा यांना व्यापाऱ्याचा पैसा लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. गोव्यात तो फुटबॉललाही लागला, आणि तो हात आखडता न घेता दिला गेला.

याच साळगावकर क्लबच्या बचावफळीत डेरिक परेरा खेळू लागले. फुटबॉलची फारशी ओळख नसलेल्या वाचकांसाठी या जागेचे काम थोडे उलगडून सांगावयास हवे. संघात अकरा खेळाडू असतात. गोलरक्षकाच्या पुढे साधारणपणे चौघांची जी ओळ उभी असते ती बचावफळी. गोल करणारा आघाडीचा खेळाडू नव्वद मिनिटांत दहा वेळा चुकला आणि अकराव्या वेळी यशस्वी झाला, तरी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्र त्याचेच. बचावपटू मात्र एकोणनव्वद मिनिटे निर्दोष खेळून एका क्षणी घसरला, तर तोच क्षण लोकांच्या ध्यानात राहतो. त्याचे यश म्हणजे जे घडले नाही ते. त्याची मोजदाद कोणत्याही फलकावर होत नाही. बुडीत होऊ शकणारी उधारी वेळीच ओळखून जो ती देत नाही, त्या दुकानदाराचा नफा तरी वहीत कुठे लिहिलेला असतो?

बचावपटूच्या जागेचा एक मोठा लाभ मात्र आहे. खेळ सतत त्याच्या नजरेसमोर असतो. आघाडीच्या खेळाडूची पाठ आपल्या संघाकडे, तोंड प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे. मध्यफळीतील खेळाडूभोवती चारही बाजूंनी धांदल. बचावपटूला संपूर्ण मैदान समोर पसरलेले दिसते. शिवाय ऑफसाइडच्या नियमामुळे चौघांनी एका रेषेत पुढे-मागे सरकणे आवश्यक असते. एकजण पाऊलभर मागे राहिला तर प्रतिस्पर्ध्याला रान मोकळे मिळते. त्यामुळे या फळीत सतत बोलावे लागते : ‘पुढे ये’, ‘सोड त्याला’, ‘मागे मोकळा आहे’. वर्षानुवर्षे असे बोलत खेळलेला माणूस खेळत असतानाच अर्धा प्रशिक्षक झालेला असतो. जगभरात बचावफळीतून आलेले प्रशिक्षक विपुल सापडतात, त्याचे एक कारण हेच असावे.

साळगावकरचा तो काळ वैभवाचा होता. १९८७ साली फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून हा संघ मोहन बागानकडून हरला. पुढच्याच वर्षी त्याने तो करंडक जिंकला. हा मान मिळवणारा गोव्याचा तो पहिला क्लब. १९८९ मध्ये त्याने तो पुन्हा जिंकला. या दोन्ही अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करता आला नाही, ही बचावफळीची पावती. भारतीय फुटबॉल म्हणजे कोलकाता ही त्या काळची समजूत होती. तिला गोव्याने या दशकात तडा दिला. १९८४ साली राज्यांच्या संघांमधील संतोष करंडक गोव्याने जिंकला, तो तर स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता. गोलपाशी उभे होते ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर. परेरा भारतीय संघातूनही खेळले. परंतु त्यांच्या खेळातील दिवसांविषयी लिहिलेले फारसे आढळत नाही. बचावपटूंच्या बाबतीत असेच होते.

खेळणे थांबल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले. इंग्लंडमध्ये ज्याला ‘मॅनेजर’ म्हणतात तो खेळाडूंची खरेदी-विक्री ठरवतो, संघ निवडतो, सरावही घेतो. एका अर्थी तो संघाचा कारभारीच. आपल्याकडील कंपन्यांच्या क्लबांत ही कामे विभागलेली असत. ‘मॅनेजर’ म्हणजे बहुधा रेल्वेची आरक्षणे, मुक्काम, जेवण, कपडे यांची व्यवस्था पाहणारा कंपनीचा अधिकारी. संघ घडवण्याची जबाबदारी मुख्य प्रशिक्षकाची, परंतु तिजोरीची किल्ली त्याच्या हाती नाही. कोणाला किती रकमेचा करार द्यावयाचा आणि पुढच्या वर्षी संघ ठेवावयाचा की नाही, हे वरच्या मजल्यावर ठरते. परेरा यांची पुढील कारकीर्द समजून घेण्यासाठी ही विभागणी लक्षात ठेवावयास हवी.

गोव्यातच वास्को या क्लबचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी नाव मिळवले. त्यानंतर २००५ च्या सुमारास ते मुंबईत महिंद्रा युनायटेडकडे आले.

मुंबईच्या फुटबॉलला स्वतःचा दीर्घ इतिहास आहे. रोव्हर्स कपची परंपरा एकोणिसाव्या शतकातील. मंत्रालयाच्या पलीकडील कूपरेज मैदानावर टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, बँका आणि रेल्वे यांचे संघ खेळत. कापड गिरण्यांच्या मालकांनी आपल्या नावाचा संघ ठेवणे ही प्रतिष्ठेची बाब होती. खेळाडूलाही त्यात नोकरीची शाश्वती असे : सकाळी सराव, दुपारी कार्यालयात हजेरी, चाळिशीनंतर निवृत्तीवेतनाची सोय. गिरण्या गेल्या, तसे हे संघही एकेक करून गेले. रोव्हर्स कपही नव्या शतकाच्या आरंभी थांबला. जे टिकले त्यांत महिंद्रा हा सर्वांत मोठा. १९६२ साली स्थापन झालेल्या या संघाने नव्या शतकात पूर्ण व्यावसायिक रूप घेतले आणि २००३ साली फेडरेशन कप जिंकला.

परेरा आल्यावर २००५ मध्ये महिंद्राने स्पोर्टिंग क्लब द गोवा या संघाला अंतिम फेरीत हरवून फेडरेशन कप पुन्हा मिळवला. त्याच हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. या दोन विजयांतील फरक सांगावयास हवा. कप म्हणजे बाद पद्धतीची स्पर्धा. चार-पाच सामने उत्तम झाले की काम फत्ते. लीगमध्ये प्रत्येक संघाशी आपल्या मैदानावर एकदा आणि त्याच्या मैदानावर एकदा असे महिनोन्महिने खेळावे लागते. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक. तेथे एका दिवसाची चमक पुरत नाही. दिवाळीत गल्ला भरणे निराळे आणि वर्षभर दुकान नफ्यात ठेवणे निराळे. कोलकात्याच्या ईस्ट बंगालला मागे टाकून २००६ च्या उन्हाळ्यात महिंद्रा देशाचा विजेता झाला. १९९६ साली सुरू झालेली ही लीग महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही क्लबने कधी जिंकली नाही. त्यानंतर देशातील अव्वल लीगचे विजेतेपद महाराष्ट्रात यावयास २०२१ साल उजाडले, आणि ते आणले मुंबई सिटीने.

या विजेत्या संघात मध्यफळीत खेळणारा एक शांत स्वभावाचा खेळाडू होता, खालिद जमील. त्याची गाठ पुढे पुन्हा पडेल.

महिंद्राने आणखी काही वर्षे चांगली काढली, आणि २०१० च्या हंगामाअखेर कंपनीने वरिष्ठ संघ बंद केला. संघ तळाला नव्हता, कंपनीही अडचणीत नव्हती. शालेय मुलांच्या फुटबॉलकडे पैसा आणि लक्ष वळवावयाचे, असे कारण देण्यात आले. हेतू वाईट म्हणता येणार नाही. तरीही ४८ वर्षांचा संघ, देशाच्या विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांत, एका निर्णयाने संपला. मैदानावर कमावलेले यश त्याला वाचवू शकले नाही, कारण त्या यशाचे पैशात रूपांतर कधी झालेच नव्हते. कूपरेजवरील तिकिटांच्या उत्पन्नातून खेळाडूंचा चहापाणीखर्च निघाला असता तरी पुष्कळ. संघ हा कंपनीच्या जाहिरात-खर्चातील एक ओळ होता, आणि खर्चातील ओळ कोणत्याही वर्षी कापता येते.

तो निर्णय झाला तेव्हा परेरा मुंबईत नव्हते. २००९ साली ते पुण्याला गेले होते.

पुणे एफसी हा क्लब २००७ साली अशोक पिरामल समूहाने काढला. राजस्थानातून मुंबईत आलेल्या, कापडाच्या व्यवसायात वाढलेल्या घराण्यातील हा समूह. गोव्यात साळगावकरांनी केले ते येथे नव्या पिढीच्या उद्योजकांनी, नव्या पद्धतीने करावयाचे ठरवले. दोन वर्षांत संघ वरच्या लीगमध्ये पोहोचला आणि तेथे त्याची सूत्रे परेरा यांच्या हाती आली. पहिल्याच हंगामात नवखा संघ आय-लीगमध्ये तिसरा आला. नवख्या दुकानाने पहिल्याच वर्षी बाजारपेठेत तिसरा क्रमांक मिळवावा, तसा हा प्रकार. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले. रिसोड-वाशीमकडची जी मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात, त्यांनी ते बाहेरून तरी पाहिलेले असते. त्या मैदानावर पुणे एफसीचे सामने होत. क्लबने मुलांसाठी निवासी अकादमीही काढली. २०१२-१३ च्या हंगामात पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसऱ्या स्थानावर आला. विजेता होता गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. क्लबच्या इतिहासातील हे सर्वोच्च स्थान.

चार वर्षे एकाच संघाजवळ राहणे ही भारतीय फुटबॉलमध्ये दुर्मिळ गोष्ट आहे. चार-पाच सामने हरले की प्रशिक्षकाला नारळ देण्याची येथील रीत. परेरा यांना पुण्यात वेळ मिळाला आणि त्यांनी तो कारणी लावला. भडक विधाने करणे, पंचांशी हुज्जत घालणे हा त्यांचा पिंड नाही. आरडाओरड करणाऱ्या प्रशिक्षकांच्या जमान्यात त्यांची ओळख मवाळ माणूस अशीच राहिली.

२०१३ मध्ये ते आपल्या जुन्या घरी, साळगावकरकडे, प्रशिक्षक म्हणून परतले. पहिल्या हंगामात संघ लीगमध्ये तिसरा आला. २०१४ साली ड्युरँड कप गोव्यात खेळवला गेला. १८८८ साली सिमल्यात सुरू झालेली ही आशियातील सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. अंतिम सामना साळगावकर आणि पुणे एफसी यांच्यात झाला. एका बाजूला ज्या क्लबकडून स्वतः खेळले तो संघ, दुसऱ्या बाजूला चार वर्षे स्वतः वाढवलेला संघ. साळगावकरने तो सामना १-० असा जिंकला. बचावपटूला आवडावा असाच निकाल. पण त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या खेळाडूंपैकी किती जणांची बलस्थाने आणि उणिवा त्यांना तोंडपाठ असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

पुणे एफसीचा तो शेवटचा मोठा सामना ठरला. २०१५ साली क्लब बंद झाला. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसी हा पुण्यातील दुसरा क्लब एका हंगामानंतर थांबला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेला. त्याच वर्षी मुंबईचा मुंबई एफसी लीगमधून खाली घसरला आणि संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. म्हणजे एकट्या पुण्यात पाच वर्षांच्या आत चार क्लबांचे दरवाजे बंद झाले. एखाद्या बाजारपेठेत एकाच ओळीतील चार दुकानांची शटरे अशी खाली आली असती, तर दोष दुकानदारांचा की बाजाराचा, हा प्रश्न लोकांनी नक्की विचारला असता.

बाजाराचा दोष होताच. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. शहरांच्या नावाने नवे संघ, चित्रतारे आणि क्रिकेटपटू मालक, दूरचित्रवाणीवर प्रकाशझोत. जुनी आय-लीग बाजूला पडली. सुपर लीगमध्ये प्रवेश हवा तर दरवर्षी मोठे शुल्क भरावे लागे, आणि न भरल्यास दुय्यम दर्जा. गोव्यात याच सुमारास दुसरे संकटही होते. २०१२ साली तेथील खाणकाम बंद झाले होते, आणि ज्या घराण्यांच्या पैशावर फुटबॉल उभा होता त्यांचे मुख्य उत्पन्नच अडले होते. २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध करून आय-लीगमधून बाहेर पडले. साळगावकर बंद झाला नाही, गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला. तोटा दिसताच पेढी न मोडता व्याप कमी करून ती चालू ठेवणे, हा जुन्या व्यापाऱ्यांचा मार्ग या घराण्याला सुचला असावा. महाराष्ट्रातील क्लबांना हा मधला मार्ग का सुचला नाही, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. त्यांच्यामागे उद्योगसमूह होते, परंतु क्लबला स्वतःचे गाव नव्हते. गोव्यात क्लब खाली उतरला तरी पाहणारे तेच राहतात. बालेवाडीत राष्ट्रीय लीग गेली तसा प्रेक्षकही गेला.

परेरा यांनी २०१७ मध्ये काही काळ चर्चिल ब्रदर्स सांभाळला आणि नंतर ते एफसी गोवा या सुपर लीगमधील क्लबकडे आले. तेथे त्यांचे काम मुख्यतः पडद्यामागचे होते : युवा संघांची घडण, प्रशिक्षकांचे प्रशिक्षण, तांत्रिक संचालन. सुपर लीगमधील क्लबांची मुख्य सूत्रे बहुधा स्पेन, इंग्लंड, पोर्तुगाल येथील प्रशिक्षकांकडे असत, आणि भारतीय माणूस त्यांचा साहाय्यक. दरम्यान २०१९ साली भारताच्या तेवीस वर्षांखालील संघाला आशियाई पात्रता फेरीसाठी त्यांनी ताश्कंदला नेले.

डिसेंबर २०२१ मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावरच दुसऱ्या क्लबकडे गेले आणि उरलेला हंगाम सांभाळण्याची जबाबदारी परेरा यांच्यावर आली. करोनामुळे त्या वर्षी सुपर लीगचे सर्व सामने गोव्यातच, वास्को, बांबोळी आणि फातोर्डा येथे, प्रेक्षकांविना खेळवले जात होते. खेळाडू आणि प्रशिक्षक हॉटेल ते मैदान एवढ्याच आवारात महिनोन्महिने बंदिस्त. ज्या गावांत परेरा यांचे आयुष्य गेले त्याच गावांत हे सामने होत होते, पण टाळ्या वाजवण्यास स्टँडमध्ये कोणी नव्हते.

त्याच हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडचे मुख्य प्रशिक्षक होते खालिद जमील. २००६ च्या महिंद्रामधील तोच मध्यफळीतला खेळाडू. दुखापतींमुळे त्याचे खेळणे लवकर आटोपले होते. मुंबई एफसीपासून त्याने प्रशिक्षणास सुरुवात केली आणि २०१७ साली मिझोरममधील ऐझॉल या छोट्याशा क्लबला थेट आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. सुपर लीगमध्ये पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक नेमला गेलेला तो पहिला भारतीय. जानेवारी २०२२ मध्ये एफसी गोवा आणि नॉर्थईस्ट समोरासमोर आले. रिकाम्या मैदानात एका कडेला गुरू उभा, दुसऱ्या कडेला त्याच्या विजेत्या संघातला शिष्य. आणि ज्या संघाने या दोघांना एकत्र आणले होते त्याचे नाव बारा वर्षांपूर्वीच पुसले गेलेले. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. दोन्ही संघांसाठी तो हंगाम फारसा चांगला नव्हता : अकरा संघांत गोवा नववा आला, नॉर्थईस्ट दहावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचे साहाय्यक म्हणून नेमले गेले महेश गवळी. तेही गोव्याचे, आणि तेही बचावफळीतून आलेले.